मोठ्या कंपनीची आचारसंहिता आलीय. सही करू का?

प्रेसवाली:
नमस्कार. आमचा शीट मेटलचा छोटा कारखाना आहे. चार पॉवर प्रेस, वेल्डिंगचा एक कोपरा, ४६ माणसं. निम्म्याहून जास्त माल एकाच मोठ्या कंपनीला जातो. सोमवारी त्यांच्याकडून ‘पुरवठादार आचारसंहिता’ आली. २२ पानं, आठ दिवसांत सही करून परत पाठवायची.

बालमजुरी नको, सक्तीची मजुरी नको, लाच नको, ही पानं मी भराभर उलटली. आमच्याकडे त्यातलं काहीच नाही. अडले ती नवव्या पानावर. ओव्हरटाइम धरून आठवड्याला ६० तासांच्या वर काम नाही, सात दिवसांत एक सुट्टी. शिवाय, आम्ही बाहेर ज्यांना जॉबवर्क देतो तेही हे सगळं पाळतात, याची हमी आम्हीच द्यायची.

आता खरं सांगते. मार्चमध्ये याच कंपनीने एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग शुक्रवारी संध्याकाळी बदललं. शनिवार डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) दुरुस्त करण्यात गेला, डिलिव्हरीची तारीख मात्र तीच. त्या आठवड्यात प्रेसवरच्या माणसांचे ७१ तास भरले. जादा तासांचे पैसे दिले, कुणी कुरकुरलं नाही, पण मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, ७१ आहेत ते आहेत. आणि प्लेटिंग, म्हणजे मालावर धातूचा मुलामा देणं, बाहेरून होतं. माल त्यांच्या दारात द्यायचा, दारातच घ्यायचा. आत मी कधी गेलेच नाही, हमी कशाच्या जोरावर देऊ?

शेजारच्या कारखान्याचे काका म्हणतात, “दोन मस्टर ठेव, एक खरं आणि एक दाखवायला. सगळे ठेवतात.” मला ते पटत नाही. पण ही ऑर्डर गेली तर पगार कुठून काढू?

जुना ऑडिटर:
ताई, अकरा वर्षं सोशल ऑडिट, म्हणजे कारखान्यात कामगारांना कसं वागवतात याच्या तपासण्या, केली आहेत. दोन मस्टर ओळखायला फार वेळ लागत नाही. मस्टरवर रविवारी कारखाना बंद असतो आणि मेंटेनन्सच्या वहीत त्याच रविवारी डाय बदललेली असते. तास जास्त भरले तर एनसी (नियम पाळला नाही अशी नोंद) निघते, सुधारणेचा आराखडा दिला की क्लोज होते. मस्टर खोटं निघालं तर मग तुमच्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास ठेवत नाही.

कागदाचं मलाही फार कौतुक नाही. कराचीतल्या अली एंटरप्रायझेसला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारं बंद. आणि काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला एसए ८०००, म्हणजे कामगारांना नीट वागवत असल्याचं, प्रमाणपत्र मिळालेलं! तेव्हापासून मी फाइल उघडण्याआधी मागचं दार ढकलून बघायचो. तुम्ही आधी प्रेस बघा. हात प्रेसबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत ना? वेग वाढावा म्हणून त्यातलं एक कुणी चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं नाही ना?

परचेसवाला:
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा, अशाच एका मोठ्या कंपनीत खरेदी बघतो. आचारसंहिता कंप्लायन्स (नियमपालन) खातं पाठवतं, तारखा मी देतो, आणि आम्ही एकमेकांशी क्वचितच बोलतो. हे कागद एवढे का फिरायला लागले तेही सांगतो. पुरवठादारांकडेही कामगारांचे हक्क पाळले जातात का ते बघा, असं सांगणारा जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू झाला, आधी तिथे तीन हजार आणि २०२४ पासून हजार कर्मचारी असलेल्या कंपन्यांना. तसल्या ग्राहकाने आम्हाला प्रश्नावली धाडली, आम्ही ती तुमच्या गळ्यात घातली.

पण तुमच्या हातातही एक कागद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०१२ मध्ये स्पष्टीकरणाची पुस्तिका काढली. ऐनवेळी मालात बदल सांगायचा, मुदत आणि भाव तेच ठेवायचे आणि पुरवठादाराला कामगारांचे नियम मोडायला लावायचं, यात खरेदीदाराचाही हात असतो, असं तिथे उदाहरणच दिलंय. तुमचा मार्च अगदी तसाच. सही करा, पण सोबत पत्र जोडा : ड्रॉइंग बदलल्याची मेल, त्या आठवड्याचे तास. आणि ‘हमी’च्या जागी ‘शक्य ते सर्व प्रयत्न’ मागून बघा. प्रत मला, म्हणजे माझ्यासारख्याला, नक्की टाका.

लेथवाला:
मी असं पत्र दिलं होतं. पुढच्या वर्षी ऑर्डर निम्मी झाली. कारण कुणी सांगितलं नाही. पत्र देऊ नका असं म्हणत नाही, पण आधी दुसरा ग्राहक बघून ठेवा.

प्रेसवाली:
सगळ्यांचे आभार. एका प्रेसवर खरंच चिकटपट्टी होती. माझ्याच प्रेसवर! काढली. आता तिथला माल दिवसाला कमी निघेल, निघू दे.

काल प्लेटिंगवाल्याकडे आत गेले. पंखा आहे, हातमोजे आहेत, तासही साठच्या आत. परत निघताना टाकीवरच्या मुलाला सहज विचारलं, सुट्टीला घरी कधी जाणार? म्हणाला, मुकादम ओळखपत्र देईल तेव्हा. काम लावून देण्याचे पैसे त्याच्या पगारातून अजून कापले जातायत. अशी चौघं आहेत. मालकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी न वाचता उलटलेलं पान ते हेच ना? काम काढून घेऊ का त्यांचं?

जुना ऑडिटर:
हो, तेच पान. ओळखपत्र अडकवणं आणि कर्जात बांधून ठेवणं, दोन्ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सक्तीच्या मजुरीच्या खुणांमध्ये येतात.

काम लगेच काढू नका. तुम्ही गेलात की मुकादम त्या चौघांना दुसरीकडे हलवेल, कागद त्याच्याच खिशात आणि कर्ज तसंच. तुमचं काम त्या मालकाला हवंय, तोवरच तुमचं ऐकलं जाईल. आधी ओळखपत्रं मुलांच्या हातात, मग कपात बंद, मग कापलेले पैसे परत. मालकाला तारीख घालून लेखी द्या. कुणी सांगितलं हे मात्र कळू देऊ नका. टाळाटाळ झाली तर कामगार खात्याकडे जावं लागेल, आणि काम काढायचं ते त्यानंतर.

प्रेसवाली:
उद्या सकाळी जातेय. नवव्या पानाचं पत्र लिहून झालंय, पण सही आत्ता थांबवते. कंपनीकडे पंधरा दिवस जास्त मागितलेत, कारण लिहिलंय : “जॉबवर्कची पाहणी अपुरी.”