मदत हवी आहे: सेन्सर बदलला तरी चेक इंजिनचा दिवा पेटतोच

वैतागलेला चालक
स्कॅनरने ईव्हॅपचा (टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर गेला म्हणून दाखवलं. सेन्सर बदलला, टाकीचं झाकणही नवं घातलं. कोड पुसला की दोन मिनिटांत दिवा परत हजर. गाडी चालायला काही त्रास नाही. सोमवारी गाडी प्रदूषण तपासणीला न्यायची आहे. लवकर सांगा, आता काय बदलू?

झाकणझुल्या
झाकण ओरिजिनल घेतलंत का? बाहेरच्या झाकणाचं रबर नीट बसत नाही. माझा दिवा सहा महिने पेटत होता, ओरिजिनल झाकण घातलं आणि गेला.

वैतागलेला चालक
झाकण बदललंय. वर लिहिलंय.

झाकणझुल्या
ओरिजिनल का, ते नाही लिहिलंत.

मीटरवाला
कोडचा आकडा काय आहे?

वैतागलेला चालक
ईव्हॅपचाच. सांगितलं ना.

मीटरवाला
ईव्हॅपचे बरेच कोड असतात हो. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे साधारण १ मिमीच्या भोकाएवढी, पी०४५६ म्हणजे अर्ध्या मिमीची. असा कोड असेल तर झाकण, होज बघायचे, धूर सोडून गळती शोधायची. पी०४५१ ते ०४५३ मध्ये काही असेल तर टाकीतल्या दाबाचा सेन्सर किंवा त्याचं वायरिंग. आकडा द्या, मग बोलू.

पाना१०
एवढं पुराण कशाला? बॅटरीची निगेटिव्ह काढून रात्रभर ठेवा. सकाळी दिवा गायब.

मीटरवाला
आणि दुपारी परत. शिवाय गाडीच्या सगळ्या स्वयंचाचण्या पुसल्या जातात. ईव्हॅपची चाचणी तर गाडी पूर्ण थंड झाल्यावर आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच होते. तपासणीत चाचण्या पूर्ण आहेत का हे बघत असतील, तर दिवा बंद असूनही गाडी परत पाठवतील.

पाना१०
वीस वर्षं हेच करतोय. एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही.

मीटरवाला
दुसऱ्या गॅरेजात गेलं असेल.

काळा धूर
माझ्या डिझेल गाडीतून सकाळी पांढरा धूर येतो. हेच असेल का?

उषा_स्टिअरिंग
नाही. डिझेल पेट्रोलसारखं भसाभस उडत नाही, म्हणून डिझेल गाडीत ही भानगडच नसते. वेगळा धागा काढा. आणि नाव बदला.

वैतागलेला चालक
कोड पी०४५३. बदललेल्या सेन्सरचा फोटो जोडलाय. आता तरी सांगा.

मीटरवाला
फोटोत आहे तो पर्ज व्हॉल्व्ह, सेन्सर नव्हे. कॅनिस्टरमधल्या कोळशाने धरून ठेवलेली पेट्रोलची वाफ तो इंजिनात सोडतो. दाबाचा सेन्सर बहुतेक गाड्यांत टाकीवर असतो, त्याला तीन वायरी. पी०४५३ म्हणजे त्याच्या सिग्नलचा व्होल्टेज नको तितका वर गेलाय. दोन मिनिटांत दिवा येतो, म्हणजे विजेचाच घोटाळा. गळती शोधायला गाडीला इतका कमी वेळ पुरत नाही.

टाकीफुल्ल
ऑटोकट झाल्यावर वरून पेट्रोल भरता का? पातळ पेट्रोल कॅनिस्टरात शिरतं, कोळसा भिजून वाया जातो. ही सवय आधी सोडा.

वैतागलेला चालक
भरत नाही. कोणी विचारलं?

उषा_स्टिअरिंग
दिवा लागायच्या आधी गाडीचं काही काम केलं होतं का?

वैतागलेला चालक
काहीच नाही. मागच्या महिन्यात टाकीतला पेट्रोल पंप बदलला तेवढंच, पण तो व्यवस्थित चालतोय.

उषा_स्टिअरिंग
अहो! पंप बदलायला टाकीवरचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) काढावे लागतात. हे आत्ता सांगताय?

मीटरवाला
नवीन काही विकत घेऊ नका. टाकीवरच्या सेन्सरपर्यंत पोचायला मागची सीट उचला. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा, दारं उघडी ठेवा, ठिणगी उडेल असं काही करू नका. वास नसेल तर सेन्सरचा कपलर काढा, इग्निशन चालू, इंजिन बंद. कुठली वायर कशाची ते डायग्राममध्ये बघून घ्या. आधी ५ व्होल्टची वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजा, मग तीच वायर आणि सेन्सरची अर्थ यांच्यात. दोन्ही वेळा ५ च्या आसपास यायला हवं.

झाकणझुल्या
सीट उचलण्याआधी झाकण एकदा बघायला काय हरकत आहे?

वैतागलेला चालक
वास नव्हता. बॉडीशी ५.०२. अर्थशी ०.८, आणि कपलर जरा हलवला की एकदम ४ च्या वर. टॉर्च मारून कपलरच्या तोंडात बघितलं. मधली पिन बाकीच्या दोघींपेक्षा दोनेक मिमी आत गेलेली. मागून वायर हळूच ढकलली, टक् झालं, पिन रांगेत आली. आता दोन्हीकडे ५.०२. कोड पुसला, ४० किमी फिरून आलो, दिवा नाही.

मीटरवाला
तीच अर्थची पिन. पंप बसवताना मागे सरकली असणार. वायर हलकेच ओढून बघा, हातात आली तर पिनचं लॉक गेलंय, ती पिन बदलावी लागेल.

वैतागलेला चालक
ओढून पाहिली, घट्ट आहे. मग सोमवारी नेऊ ना?

मीटरवाला
आधी स्कॅनरवर ईव्हॅपची चाचणी पूर्ण झालेली दिसू दे. टाकी अर्धी ठेवा, गाडी रात्रभर उभी करा आणि सकाळी थंड इंजिनवर चालवा. दोन-चार दिवसही लागतात.

वैतागलेला चालक
म्हणजे सोमवार गेला. बरं, काढलेला पर्ज व्हॉल्व्ह डिकीत पडलाय. तो खराब होता की नाही हे कसं कळणार?

उषा_स्टिअरिंग
वीज नसताना तो बंद असतो. एक स्वच्छ नळी लावून फुंका, हवा पलीकडे जाता कामा नये.

वैतागलेला चालक
फुंकला. हवा जात नाही. म्हणजे चांगलाच होता. पेट्रोलची चव मात्र अजून तोंडात आहे.

उषा_स्टिअरिंग
नळी लावून म्हटलं होतं.