निरोप पोहोचलेला नाही, ठेवून घेतला आहे: हे पाठवणाऱ्याला कळायला हवे की नको?

तापीकाठ (शिरपूर)

आमच्या केळी उत्पादक गटातले चाळीसेक जण एक्सएमपीपी या निरोप पाठवण्याच्या खुल्या नियमपद्धतीवर चालणारा स्वतःचा निरोप-सर्व्हर वापरतात आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात गाडी एक दिवस लांबली, म्हणून "उद्याची कापणी थांबवा" असा निरोप मी रात्री नऊला मुकादमांना पाठवला. त्यांचा मोबाइल बंद होता. सर्व्हरने निरोप मुकाट्याने ठेवून घेतला आणि माझ्या पडद्यावर तो गेल्यासारखाच दिसला. सकाळी बागेत गेलो तर बांधावर केळीच्या पानांवर साठ-सत्तर घड मांडलेले, दांड्यांतून चीक अजून गळतो आहे, आणि मुकादम शांतपणे म्हणतात, "माले निरोपच मियना नही."

त्यांचे खरे होते. चूक माझ्याच मांडणीत होती. ठेवून घेतलेला निरोप पुढे पोहोचतो तेव्हा घेणाऱ्याला त्यावर मूळ वेळेचा शिक्का मिळतो. म्हणजे निरोप अडकून पडला होता हे त्याला कळते, पण ज्याला ते वेळीच कळले असते तर दुसरा मार्ग शोधता आला असता, त्या पाठवणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही. एक्सएमपीपीच्या जुन्या विस्तारांपैकी (मूळ नियमांना जोडलेल्या पुरवण्यांपैकी) क्रमांक ००२२ मध्ये "निरोप ऑफलाइन साठवला" अशी स्वतंत्र खूण होती. तो विस्तार पुढे कालबाह्य ठरवण्यात आला. ती खूण आपल्या सर्व्हरवर पुन्हा आणावी, असे माझे मत आहे.

मेहरूण (जळगाव)

आपल्या नुकसानीबद्दल वाईट वाटते, परंतु उपाय मान्य नाही. "साठवला" असे सर्व्हरने सांगणे म्हणजे "समोरची व्यक्ती आत्ता जोडलेली नाही" असेच सांगणे होय. एक्सएमपीपीमध्ये कोण हजर आहे ही माहिती परवानगी घेतल्याशिवाय दिली जात नाही, आणि आपण ती मागच्या दाराने देऊ पाहत आहात. एखाद्याने दर तासाला एकेक रिकामा निरोप पाठवून उत्तरे टिपून ठेवली, तर मुकादम कधी झोपतात आणि कधी उठतात याची वहीच तयार होईल.

शिवाय, खातेच अस्तित्वात नसेल तर सर्व्हरने निरोप गुपचूप टाकून द्यावा किंवा "सेवा उपलब्ध नाही" एवढेच उत्तर द्यावे, असे २०११ सालचे आरएफसी ६१२१ हे एक्सएमपीपीचे नियमपत्र सांगते. हे मुद्दाम मोघम ठेवलेले उत्तर आहे. "साठवला" म्हटले की खाते आहे हेही उघड होते, आणि फुकट जाहिराती पाठवणाऱ्यांना याहून अधिक काय हवे असते? पोचपावती द्यायचीच असेल तर ती घेणाऱ्याच्या मोबाइलने, त्याच्या संमतीने द्यावी. विस्तार ०१८४ त्यासाठीच आहे.

जंक्शनवाला (भुसावळ)

मेहरूण यांच्याशी सहमत, पण कारण वेगळे आहे. ईमेलमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे. २००३ सालच्या आरएफसी ३४६१ नुसार पाठवणारा उशिराची सूचनाही मागू शकतो, आणि काही सर्व्हर चार तासांनी न मागताच "आपला मेल अद्याप पोहोचलेला नाही, आम्ही प्रयत्न करत आहोत" असे कळवतात. वास्तविक एसएमटीपीचे, म्हणजे ईमेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे, नियम चार ते पाच दिवस प्रयत्न करायला सांगतात, त्यामुळे घाबरण्यासारखे काहीच नसते. मी कार्यालयात अशा सूचना आलेल्या पाहिल्या आहेत. शेवटची ओळ कोणी वाचत नाही. इंग्रजी मजकूर दिसला की "मेल परत आला" असे समजून तेच पत्र तीनदा पाठवले जाते आणि समोरच्याकडे तिन्ही पोहोचतात. (एकदा तीच निविदा तीन वेळा दाखल झाली होती, तो किस्सा पुन्हा केव्हातरी.)

तापीकाठ (शिरपूर)

तीन पत्रे पोहोचली तर एक ठेवून दोन फाडता येतात. कापलेले साठ घड झाडाला परत लावता येत नाहीत. मेहरूण यांनी पोचपावतीचा मार्ग सुचवला, पण त्यात पावती न येणे हीच एकमेव खूण उरते. न आलेल्या पावतीचा अर्थ काय घ्यायचा? मोबाइल बंद आहे, पावती देण्याची सोय बंद केली आहे की निरोप वाटेत हरवला? तिन्ही वेळा पडदा सारखाच दिसतो.

त्यांची खासगीपणाची हरकत मात्र रास्त आहे, म्हणून प्रस्ताव आखडता घेतो. ज्यांनी एकमेकांना हजेरी पाहण्याची परवानगी आधीच दिली आहे, त्यांच्यापुरतीच ही खूण दाखवावी. त्यात नवे काहीच उघड होत नाही.

मेहरूण (जळगाव)

मग मुकादमांची हजेरी आपल्याला त्या रात्रीही दिसतच असणार. ती आपण पाहिली का?

तापीकाठ (शिरपूर)

नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ती नावाच्या शेजारी मोहरीएवढा करडा ठिपका म्हणून दिसते, आणि रात्री नऊला बांधावर बॅटरीच्या उजेडात मी ठिपके न्याहाळत बसलो नव्हतो.

तोरणमाळ वाट (धडगाव)

आपण सर्व जण असे गृहीत धरत आहात की मोबाइल बंद झाल्याचे सर्व्हरला लगेच कळते. आमच्याकडे सातपुड्यात एक वळण घेतले की रेंज जाते, पण मोबाइलने सर्व्हरला सांगून जोडणी तोडलेली नसते. ती नुसती मुकी होते. सर्व्हर काही काळ ती जिवंतच मानतो, निरोप तिच्यात ढकलतो आणि उत्तराची वाट पाहतो. त्या वेळी निरोप पोहोचलेलाही नसतो आणि साठवलेलाही नसतो. त्यात आता बहुतेक सर्व्हर पोहोचलेला निरोपही संग्रहात ठेवतात, म्हणजे "साठवला" हा शब्द प्रत्येक निरोपाला लागू होईल. माझ्या मते शब्दच चुकीचा निवडला आहे. पाठवणाऱ्याला सर्व्हरचे कपाट दाखवून काय उपयोग? "समोरच्या मोबाइलने अजून घेतलेला नाही" एवढे सांगितले तर ते रेंज गेल्यावरही खरे ठरेल आणि मोबाइल बंद असतानाही.

तापीकाठ (शिरपूर)

हे पटले. तरीही एक गोष्ट फक्त सर्व्हरलाच सांगता येते, ती म्हणजे निरोप किती दिवस ठेवला जाणार आहे. आमच्याकडे सात दिवसांनी तो पुसला जातो, आणि हे गटातल्या एकालाही ठाऊक नव्हते. धडगावचे वाक्य घेतो आणि त्याखाली ही मुदत जोडतो.

मेहरूण (जळगाव)

मुदत जरूर लिहावी. ती सर्वांना सारखीच असल्याने कोणाचे काहीच उघड होत नाही. पहिल्या वाक्याला मात्र माझा विरोध कायम आहे, जोवर ते बंद ठेवण्याचे बटण मुकादमांच्या हाती नाही.