मदत हवी आहे: वायफाय ड्रायव्हर लॅपटॉपवर चालतोय, राऊटरवर एक नेटवर्क दिसंना

शिरोलीचा_वायरमन:
तीन दिवस झाले डोकं आपटतोय, कुणीतरी बघा. यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर आहे, थोडा माझा थोडा उचललेला. लॅपटॉपवर झकास, शेजारच्या चाळीतली पण नेटवर्कं दिसतात, तोच कोड राऊटरसाठी कंपाईल करून टाकला तर स्कॅनमधी शून्य. फ्रेम (वायफायची पाकिटं) येतायत, काउंटर वाढतोय, पण सगळ्या माझ्याच चेकमधी ड्रॉप होतायत. नेटवर्कवरचा बाईटचा क्रम मशीनच्या क्रमात आणणारं एनटीओएचएस पण लावून बघितलं, काडीचा फरक नाही. परवा कारखान्यात डेमो आहे, लवकर सांगा.

पेठेतला_गडी:
कुठला राऊटर, कसला चेक, काय तरी सांग की भावा. आम्ही काय देवाला कौल लावायचा?

शिरोलीचा_वायरमन:
जुना राऊटर आहे, ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं लिनक्स) टाकलंय. फ्रेमचे पहिले दोन बाईट बघून बीकन (नेटवर्क 'मी इथं आहे' म्हणून सोडतं ती फ्रेम) आहे का तपासतो. राऊटरचं काय, कोड तोच आहे की.

वाड्यातले_काका:
चॅनल एकवर ठेवून बघा. आमच्या वाड्याच्या भिंती दोन फुटी, मी राऊटर माळ्यावर ठेवला तेव्हा कुठं स्वयंपाकघरात रेंज आली.

शिरोलीचा_वायरमन:
काका, रेंजचा प्रश्न नाही ओ.

सोल्डर_ताई:
टार्गेट, म्हणजे कंपाईल करताना राऊटरची चिप, कुठलं निवडलंस? एटीएच७९ का रामिप्स?

शिरोलीचा_वायरमन:
एटीएच७९. सांगायचं राहिलं.

सोल्डर_ताई:
मग गोम तिथंच आहे. एटीएच७९ म्हणजे बिग एंडियन (आकड्याचा वरचा बाईट आधी) मिप्स प्रोसेसर, तुझा लॅपटॉप लिटिल एंडियन (खालचा बाईट आधी), आणि ८०२.११ च्या, म्हणजे वायफायच्या, हेडरमधले आकडे पण लिटिल एंडियन. बीकन हवेतून ८० ०० असा येतो, लॅपटॉप तो हेक्स ००८० वाचतो म्हणून तुझं नशिबानं चाललं, राऊटर ८००० वाचतो. आणि एनटीओएचएस बिग एंडियन मशीनवर काहीच करत नाही, फरक पडणार कुठनं? एलई१६_टू_सीपीयू लाव, ते लिटिल एंडियन आकडा त्या त्या मशीनच्या क्रमात आणतं.

पेठेतला_गडी:
एवढं कशाला ताई, स्वॅब१६ टाकून दोन बाईट उलटवायचे आणि मोकळं व्हायचं. माझा पंप कंट्रोलर दोन वर्षं तसाच चालतोय.

सोल्डर_ताई:
स्वॅब डोळे झाकून उलटवतं. राऊटरवर चालेल, लॅपटॉपवर बोंब.

पेठेतला_गडी:
मग इफडेफ घालायचा, मशीनप्रमाणं वेगळा कोड.

सोल्डर_ताई:
घाला, ओळीओळीला घालत बसा. वायरमन, तू ह्यांचं ऐकू नकोस. स्ट्रक्टमधे यू१६ च्या जागी __एलई१६ (लिटिल एंडियन आकड्याचा प्रकार) लिही आणि मेकला सी=२ देऊन स्पार्स (कोड तपासणारं टूल) चालव, कुठं विसरलास ते तोच दाखवतो.

गुऱ्हाळ_रिटर्न्स:
आपण पंचवीस म्हणतो म्हणजे पाच आधी, वीस मागनं. मराठी माणूस मुळातच लिटिल एंडियन हाय 😄

पेठेतला_गडी:
आणि एकशे पंचवीस? आधी शंभर, मग पाच, मग वीस. असलं येडं मशीन कुणी बनवलं नसेल.

सोल्डर_ताई:
बनवलंय की, पीडीपी-११ नावाचा जुना कॉम्प्युटर. ३२ बिटच्या आकड्यात वरचा अर्धा भाग आधी, पण प्रत्येक भागाच्या आत खालचा बाईट आधी.

शिरोलीचा_वायरमन:
स्पार्सनं नऊ वॉर्निंगा काढल्या, एक तर मीच दोनदा उलटवलेलं होतं. नेटवर्कं दिसायला लागली!! पण आता पासवर्ड टाकला की तिथंच लटकतंय. सगळीकडं एलई१६ केलंय.

सोल्डर_ताई:
सगळीकडं म्हणजे कुठं कुठं? डेटा फ्रेममधे एए एए ०३, मग तीन शून्य बाईट, त्याच्या मागनं प्रोटोकॉलचा नंबर असतो, तो पण उलटवलास का?

शिरोलीचा_वायरमन:
व्हय. म्हटलं वायफाय म्हणजे सगळं लिटिल.

सोल्डर_ताई:
तो नंबर इथरनेटकडनं आलेला, बिग एंडियन. पासवर्डनंतरच्या चाव्यांच्या देवाणघेवाणीची फ्रेम ८८ ८ई वरनं ओळखायची, तुला तिथं ८ई८८ मिळतंय, म्हणून तू ती साधा डेटा समजून सोडतोयस. तेवढ्या एका जागी बीई१६, म्हणजे बिग एंडियनवालं, लाव.

शिरोलीचा_वायरमन:
जोडलं!!! ताई, तांबडा-पांढरा माझ्याकडनं.

पेठेतला_गडी:
लॅपटॉपवर परत चालवून बघितलास का?

शिरोलीचा_वायरमन:
बघतो, लाईट गेली.

वाड्यातले_काका:
बघा, चॅनल बदलला की येतंच.