विषय: बेळगावच्या टिळकवाडीतल्या घराचं सुतारकाम, रोजावर की उक्तं?

मस्कतहून:

सर्वांना नमस्कार. गणपतीला घरी पोचतोय, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. आईचा पुढचा दरवाजा पुन्हा अडकलाय. खाली उंबरठ्याला घासतो, खांद्यानं ढकलल्याशिवाय उघडत नाही. रात्री कडी कोयंड्यात बसत नाही, त्यामुळे आई दाराला पाट टेकवून झोपते. हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. शिवाय सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून सुटलाय.

मागच्या वेळचे मिस्त्री फोन उचलत नाहीत. वडगावचे एक जण बघून गेले. दार तासून देतो, ओट्याखाली नवीन कपाट करतो, माडीवरच्या खिडकीची झडपंही बदलतो म्हणतात. सगळं उक्तं, म्हणजे पूर्ण कामाची एकच ठरलेली रक्कम, निम्मे पैसे आधी. आईचं म्हणणं रोजावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर लाव, डोळ्यांसमोर काम होतं. मी काय ठरवू? खानापूरचे काका, तुमच्या घराचं काम नुकतंच झालंय ना?

---

खानापूरहून, काका:

बाळ, रोज आणि उक्तं नंतर बघू. आधी मिस्त्रींना फोन कर आणि सांग, दाराला आत्ता रंधा लावायचा नाही.

पावसात लाकूड फुगतं ते आडवं. फळीची रुंदी वाढते, लांबी जवळपास तेवढीच राहते. दार बाजूच्या चौकटीला घासत असतं तर पाण्याचा दोष म्हटलं असतं. तू म्हणतोस खाली उंबरठ्याला घासतं. म्हणजे दार खाली बसलंय. शेजारच्या पोराला सांग, दार अर्धं उघड आणि कडीच्या बाजूनं दोन्ही हातांनी वर उचल. वरची बिजागरी हलली तर दुखणं तिथं आहे. स्क्रूची भोकं सैल झालेली असतात. त्यात सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोकायची, सुकू द्यायची आणि लांब स्क्रू मारायचा. कडी आपोआप कोयंड्यासमोर येईल.

फुगलेलं दार श्रावणात तासलं तर मार्च-एप्रिलमध्ये फटीतून बोट जातं. मग पट्टी मारा, पुन्हा पावसात ती काढा, हेच चालतं. तासायचंच झालं तर दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर. आणि तासल्यावर वरची आणि खालची कड रंगवून घे. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथं उघडी असतात, पाणी तिथूनच वर चढतं. त्या कडा दिसत नाहीत, म्हणून कुणी रंगवत नाही. दार उतरवून रंगवायला सांगायचं, उभ्या दाराला खालून ब्रश पोचत नाही.

---

दुबईहून, आक्का:

काकांचं दाराचं बरोबर आहे, पण प्रश्न पैशांचा होता. माझं मत स्पष्ट आहे. दुरुस्ती रोजावर, नवीन काम उक्तं. दुरुस्तीत आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. उक्तं दिलं तर मिस्त्री एक तर जास्त सांगतात, नाहीतर अर्धवट सोडून जातात. नवीन कपाटाचं माप ठरलेलं असतं, तिथं रोज लावला तर काम लांबत जातं. माहेरी अनगोळला आम्ही असंच करून घेतलं, कुरकूर झाली नाही.

कागदावर लिहून घे. प्लाय कुठला, किती जाडीचा, कडांना काय लावणार, बिजागऱ्या कुणाच्या, जुना माल कुणी न्यायचा. पाण्याजवळ आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का असलेलाच प्लाय. आयएस ३०३, म्हणजे साध्या वापराच्या प्लायमध्ये, एमआर (ओलसरपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात, त्यातला एमआर सिंकखाली अजिबात नको. शिक्का तक्त्यावर असतो, कापायच्या आधी आईंना फोटो काढून ठेवायला सांग.

खरं तर सिंकखाली प्लाय हवाच कशाला? उभ्या आडव्या कडप्प्याच्या फरश्या बसवायच्या आणि लाकडाची फक्त दारं. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत तेच होतं. गळलं तर पुसून टाकायचं.

---

लंडनहून:

आक्का, कडप्प्याला गवंडी लागतो, आता गणपतीच्या तोंडावर गवंडी कुठला मिळणार?

आगाऊ रकमेबद्दल. निम्मे पैसे मिस्त्रींच्या हातात देऊ नये. माल आपला, मजुरी त्यांची. प्लायच्या दुकानदाराला थेट पैसे भरायचे, बिल आईंच्या नावावर. २०२३ पासून एनआरई, एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्यांना काही देशांचे मोबाईल नंबर जोडून यूपीआय करता येतं, ओमान त्यात आहे. बँकेला विचारून घे. मजुरी मात्र दर शनिवारी हातात जावी. त्यांचंही घर त्यावर चालतं, ती अडवून ठेवणं मला पटत नाही.

वडगावच्या मिस्त्रींचा नंबर इथंच टाकशील का? आमच्या शहापूरच्या घराची तुळई बघायची आहे.

---

सचिव:

कारागिरांचे नंबर मंडळाच्या या पत्रांच्या यादीवर टाकू नयेत ही पुन्हा एकदा विनंती. दिवाळीत काय झालं ते सर्वांना आठवत असेल. त्या माणसाला रात्री-अपरात्री फोन गेले. कारागिरांची वही मंडळातर्फे मी ठेवतो, मला वेगळं पत्र लिहा, मी त्यांना विचारून नंबर देईन. नवीन नावंही माझ्याकडेच कळवा.

---

अबुधाबीहून, वहिनी:

तुळईवरून आठवलं. आमच्या जांबोटीकडच्या शेतात सागाची झाडं आहेत. त्यातलं एक पाडून घराला वापरता येईल का? सासरे म्हणतात आपलंच झाड, आपलंच घर.

---

खानापूरहून, काका:

वहिनी, झाड आपलं असलं तरी आधी वनखात्याची परवानगी. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. लाकूड गाडीत घालायचं तर पासही लागतो. शिवाय ताजं पाडलेलं लाकूड लगेच कामाला घेऊ नका, पिळतं. साग असला म्हणून बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही, वाळवी पहिल्यांदा तोच खाते. फक्त आतला तपकिरी गाभा घ्यायचा. सरळ रस्ता हवा असेल तर दांडेलीच्या सरकारी डेपोत लिलाव होतात.

सचिवसाहेब, नंबर विचारून द्या हे मान्य. पण वहीत कोण रंधा चालवतो आणि कोण फक्त सनमायका चिकटवतो हे वेगळं लिहा की. दोघंही चांगले असतात, पण जुन्या चौकटीला दुसरा उपयोगाचा नाही.

---

मस्कतहून:

शेजारच्या मुलानं दार उचलून बघितलं. वरची बिजागरी पानासकट हलते, एक स्क्रू तर बोटानं बाहेर आला. मिस्त्रींना सांगितलं, तेही म्हणाले, "मग तासायला नको, खुंटी मारूया की." अमावास्येला ते हत्यार उचलत नाहीत, आणि अमावास्येनंतर चतुर्थीपर्यंत दिवस थोडेच. म्हणून दार त्याआधी, रोजावर. आजच येतो म्हणालेत. कपाट आणि झडपं दिवाळीनंतर, उक्तं, आक्कांसारखं लिहून. माल मी दुकानात भरतो.

कडप्प्याचं आईला फार आवडलंय. सचिवसाहेब, वहीत गवंडी आहे का? मी वेगळं पत्र पाठवतो.