फ्रेटबोर्डला तेल: ठाण्यात गरज की नुसती हौस?

सहावी_तार (नौपाडा)
परवा कोपरीच्या एका मित्राकडे गेलो होतो. सहज त्याची अकूस्टिक गिटार मांडीवर घेतली आणि एफ कॉर्ड धरताना बोटं फ्रेटबोर्डला (तारांखालची लाकडी पट्टी, जिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या कांड्या बसवतात) चिकटली. चौकशी केली तर कळलं, साहेब दर वेळी तारा बदलल्या की तेल देतात, आणि तारा महिन्याला बदलतात. माणसाचं अभ्यंग वर्षातून एकदा, याच्या गिटारचं बारा वेळा. वर मलाच सुनावतो, "लाकूड तहानलेलं असतं रे!"

म्हणून हा धागा. माझं मत: फ्रेटबोर्ड साफ ठेवा, तेलाचं वेड सोडा. तेल द्यायचा हा सल्ला थंड मुलखातला आहे. तिथे हिवाळ्यात घरोघरी हीटर चालतात, हवा खडखडीत होते आणि लाकूड आकसतं. आपल्याकडे पावसाळ्यात डब्यातला पापड सादळतो, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी चढते. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि ठाण्याची हवा जून ते सप्टेंबर त्याच्या कितीतरी वर असते. आधीच फुगलेल्या लाकडाला तेल पाजून काय मिळवायचं?

मी तारा काढल्या की फ्रेटच्या कडेचं किटण जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्यानं खरवडतो. मग किंचित ओलसर सुती फडकं, लागलीच कोरडं फडकं. बस्स. ते किटण म्हणजे आपलाच घाम, कातडीचा कोंडा आणि तारांचा गंज. (फ्रेटच्या कडेला हिरवट दिसतं ते तांब्यामुळे. फ्रेटच्या धातूला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त.)

घोडबंदरकर
असहमत. तुम्ही पंख्याखाली राहत असणार. माझ्या खोलीत मार्चपासून रात्रभर एसी. सकाळी त्याच्या नळीखालची बादली भरलेली असते, ते पाणी कुठून येतं सांगा बघू? गेल्या एप्रिलमध्ये नेकच्या (गिटारच्या मानेच्या) कडेनं हात फिरवला तर फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली. लाकूड आकसलं, धातू काही आकसत नाही. ठाणं दमट आहे हे खिडकीबाहेर खरं, आत नाही. मी तेल देणारच.

सुताराची_लेक (कळवा)
घोडबंदरकर दादा, निदान बरोबर, औषध चुकलं. टोकं बाहेर आली ती पाणी गेल्यामुळे, आणि तेलानं पाणी परत येत नाही. तेल फार तर पाण्याची ये-जा थोडी सावकाश करतं. वाजवून झालं की गिटार तिच्या केसमध्ये (पेटीत) ठेवा, एसीच्या झोतात भिंतीवर टांगू नका. बाबा म्हणायचे, झाड पडलं की त्याचं खाणंपिणं संपलं.

पण सहावी_तार, तुमचंही सगळं पटत नाही. उघड्या लाकडाला वर्षातून एखादा हलका हात दिला तर घाम आणि मळ आत मुरत नाही. प्रश्न तेल कुठलं हा आहे. जवसाचं तेल हवेत घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. जाड दिलं आणि नीट पुसलं नाही तर तुमच्या मित्रासारखी गत होते. आणि जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना ते आपोआप तापतं, पेटूही शकतं. आमच्याकडे ती फडकी पसरून वाळत घालायचे, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवायचे. दुकानातलं 'लेमन ऑइल' बहुतेक वेळा खनिज तेलच असतं, लिंबाचा नुसता वास. ते वाळत नाही आणि खवटही होत नाही. चार थेंब लावा, पाच मिनिटांनी खसखसून पुसा.

खोबरेल_झिंदाबाद
एवढं शास्त्र कशाला? बारा वर्षं डोक्याचंच खोबरेल लावतोय. गिटार आहे, मी आहे.

सहावी_तार
खोबरेल इतर खाद्यतेलांच्या मानानं उशिरा खवट होतं, हे कबूल. पण जानेवारीत बाटलीत थिजतं ना? फ्रेटच्या खोबणीतही थिजणार. त्यावर धूळ बसली की झालं नवं किटण. तुम्ही मळ काढत नाही आहात, पेरताय.

ऐरोलीची_मेपल
तुम्ही सगळे उघडं शिसवी लाकूड धरून चालला आहात. माझ्या टेलिकास्टरचा (इलेक्ट्रिक गिटार) नेक मेपलच्या लाकडाचा, वर लॅकर (चकचकीत कडक लेप). तेल आत जायला वाटच नाही. तरी एका दुरुस्तीवाल्यानं प्रेमानं चोळून दिलं. आठवडाभर काचेवर तूप सांडल्यासारखं वाटत होतं. लॅकर असेल तर ओलसर फडकंच पुरे.

आणि फ्रेट घासायला स्टील वूल (बारीक लोखंडी तारांचा काथ्या) वापरणाऱ्यांनो, पिकअप (तारांखालचे, आवाज उचलणारे चुंबक) आधी चिकटपट्टीनं झाका. मी झाकले नव्हते. लोखंडाची भुकटी चुंबकाला अशी बसली की चिमट्यानं एकेक कण उचलत दुपार गेली.

येऊरचा_वाटसरू
आणखी एक गंमत. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जाती सायटिस (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या यादीत आल्या, सीमेपार माल न्यायला कागदपत्रं लागू लागली. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर बऱ्याच कंपन्यांनी लाकूड बदललं होतं. स्वस्त इलेक्ट्रिकवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसतं ना? तो आपला ऐन. सुसरीच्या पाठीसारखी साल असलेला, येऊरला चालताना दिसतो तोच. शिसवापेक्षा फिका आणि पोत जरा राठ, म्हणून नवा असतानाही कोरडा दिसतो. लोक घाबरून तेल ओततात. तो दिसायलाच तसा आहे हो.

मिरजेचा_जावई (वाशी)
सासुरवाडीला सतारी-तानपुऱ्यांची कामं जवळून बघितली. दांडीला लाखेचं पॉलिश, ते झालं की वर पुसणं एवढंच. तेल देताना कुणी दिसला नाही. मात्र कित्येक सतारिये मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणं) नीट घसरावी म्हणून डाव्या हाताच्या बोटांना तेलाचं बोट लावतात. तेल बोटाला, लाकडाला नव्हे! माझं मत सहावी_तार यांना.

घोडबंदरकर
जावईबापू, सतारीचे पडदे (तिचे फ्रेट) दांडीवर दोऱ्यानं बांधलेले असतात. आणि बोट दांडीला लागतंय कुठे? गिटारमध्ये बोट लाकडावरच घासतं. तुलना गैरलागू.
सुताराची_लेक यांचं केसचं म्हणणं मात्र मान्य. करून बघतो. तेल तरीही वर्षातून दोनदा.

सुताराची_लेक
एकदा.

घोडबंदरकर
दीडदा :)

नेरूळची_आई
मी गिटार वाजवत नाही, पण विचारते. आमच्या चिरंजीवांनी कुठेतरी 'लेमन ऑइल' ऐकलं आणि फ्रिजमधलं लिंबू कापून अख्ख्या पट्टीवर चोळलं. आता काय करू? गिटार त्याच्या मामाची आहे.

सहावी_तार
ताई, घाबरू नका. लिंबाचा रस आंबट, तो फ्रेटच्या धातूवर आणि तारांवर राहू देऊ नका. फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा, दोनदा पुसा, लगेच कोरडं करा आणि तासभर पंख्याखाली ठेवा. तारा जुन्या असतील तर त्याला नव्या घालू द्या. तेल बिल काही नको!

सुताराची_लेक
शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला +१. वाळल्यावर लाकूड पांढुरकं दिसलं तर खनिज तेलाचे चार थेंब.

नेरूळची_आई
पुसलं. फडकं काळंकुट्ट निघालं. तो म्हणतोय, बघ, लिंबानं किती मळ निघाला. मामाला मीच फोन करते.