डॅरोने होनोलुलूचं वकीलपत्र घ्यायला हवं होतं का?

मूळ धागा:
क्लॅरन्स डॅरो (१८५७–१९३८) माझ्या लेखी फार मोठा वकील. रेल्वे कंपनीची वकिली सोडून १८९४ च्या पुलमन संपात तो कामगारनेते युजीन डेब्जच्या बाजूने उभा राहिला. पण त्याचा एक खटला मला अजूनही सलतो.

आधी १९२५ चं डेट्रॉइट. डॉ. ओसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. दुसऱ्याच रात्री जमाव दगड घेऊन दारात. घरातून गोळ्या सुटल्या, एक गोरा मेला, अकरा जणांवर खुनाचा खटला. ज्युरी सगळी गोरी. डॅरोने त्यांना सरळ विचारलं, घर गोऱ्यांचं आणि जमाव काळ्यांचा असता तर हा खटला उभा तरी राहिला असता का? पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही. १९२६ मध्ये डॉक्टरचा भाऊ हेन्री निर्दोष सुटला.

आणि १९३२ मध्ये हाच माणूस हवाई बेटांवरच्या होनोलुलूत. गोऱ्या नौदल अधिकाऱ्याची बायको थालिया मॅसी हिच्यावरच्या बलात्काराच्या आरोपात पाच तरुण होते. ज्युरीचं एकमत न झाल्याने ते जामिनावर सुटलेले. त्यांतल्या जोसेफ काहाहावाई या मूळनिवासी हवाईयन तरुणाला कोर्टाबाहेर खोटं समन्स दाखवून तिच्या आईने, नवऱ्याने आणि दोन खलाशांनी उचललं. गोळी घातली. चादरीत गुंडाळलेला देह घेऊन, पडदे ओढलेल्या गाडीतून जाताना ते सापडले. डॅरोने वकीलपत्र घेतलं ते या चौघांचं!

प्रतिसाद १:
मी स्वतः वकिली करतो. वकीलपत्र घेतलं म्हणजे अशिलाच्या कृत्याला होकार दिला असं होत नाही. १९२४ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाचा खून करणाऱ्या लिओपोल्ड आणि लोबला त्याने फाशीपासून वाचवलं, ते आपण डोक्यावर घेतो. मग इथेच नाक का मुरडायचं? आपल्या बार कौन्सिलचे नियमही सांगतात की खास कारण नसेल तर आलेलं काम नाकारू नये.

प्रतिसाद २:
दादा, तो नियम आपला. अमेरिकेत खाजगी वकील सरळ नाही म्हणू शकतो. आणि १९२४ मध्ये त्याने गुन्हा कबूल करून फक्त जीव मागितला होता, फाशीला त्याचा जन्मभर विरोध होता. होनोलुलूत त्याने नवऱ्याचं दुःख आणि तात्पुरतं वेड ज्युरीपुढे मांडलं. काहाहावाईच्या आईने त्याच कोर्टात मुलाचे कपडे ओळखले होते. तिचं दुःख कोणत्या पारड्यात टाकायचं? पंचाहत्तरीतला माणूस, मंदीत पैसा बुडालेला, फी मोठी, हे समजतं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं.

प्रतिसाद १:
पैशासाठी काम करणं हा गुन्हा नाही. आणि त्या चौघांची शिक्षा नंतर नावापुरतीच उरली, त्याचा दोष त्याच्या माथी मारू नका.

धागाकर्ता:
हे मान्य. मिश्र वंशाच्या ज्युरीने चौघांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं, दहा वर्षं सुनावली गेली. ती गव्हर्नरने एका तासावर आणली, वॉशिंग्टनच्या दबावाखाली. तो तास त्यांनी गव्हर्नरच्याच कचेरीत काढला. पण डेट्रॉइटच्या गोऱ्या ज्युरीला दुसऱ्याच्या जागी उभं करणाऱ्या डॅरोला त्या काहाहावाईच्या जागी एकदाही उभं राहता आलं नाही, हे मला पचत नाही. पुढच्या वर्षी उरलेल्या चार तरुणांवरचा खटला पुराव्याअभावी मागे घेतला गेला. जिवंत असता तर तोही त्या दिवशी घरी गेला असता.