मदत हवी आहे: स्वीडिश 'ओगा' (डोळा) आणि त्याच्या अनेकवचनातला 'न'

नमस्कार मंडळी,

उप्सालाला येऊन आठ महिने झाले, स्थलांतरितांसाठीच्या एसएफआय वर्गाला जातेय. काल वहीत 'डोळे' या अर्थी 'ओगान' लिहिलं. बाईंनी 'आ'वर काट मारून 'ओगोन' केलं. का, विचारलं तर म्हणाल्या, "असंच आहे, पाठ कर."

(सुरुवातीच्या 'ओ'चा उच्चार करताना जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे. घरच्यांसमोर सराव करू नका, हसतात.)

माझं काय चुकलं? यार्ता म्हणजे हृदय, त्याचं अनेकवचन यार्तान. एप्ले म्हणजे सफरचंद, त्याचं एप्लेन. दोन्ही नपुंसकलिंगी, स्वरान्त, 'न' लावला की झालं. 'ओगा' मात्र असं चालतं: ओगा, ओगत (तो डोळा), ओगोन, ओगोनेन (ते डोळे). कानाचा 'ओरा'ही तसाच: ओरोन, ओरोनेन. समासातही हाच 'न' घुसतो. फार्मसीतून आणलेल्या थेंबांच्या खोक्यावर 'ओगोनद्रोप्पार' छापलंय, एका डोळ्यात घालायचे असले तरी!

मग व्युत्पत्ती शोधत बसले. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) 'औगा', अनेकवचन 'औगु'. कोशकार याचं नातं संस्कृत 'अक्षि'शी जोडतात. 'औगा'तला 'औ' नियमात बसत नाही, तो शेजारच्या कानाच्या शब्दामुळे आला असावा म्हणतात. (कानामुळे डोळा बिघडला!) जुन्या स्वीडिशमध्ये खिडकीला 'विंदोगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा, म्हणत. पुढे लॅटिनकडून आलेल्या 'फेन्स्तेर'ने तो हुसकला. आपला 'गवाक्ष' आठवला, गाईचा डोळा. दोन्हीकडे खिडकीत डोळाच, हे वाचून चहा गार झाला.

आता खरी शंका. शाळेत संस्कृतमधलं 'अक्ष्णा काणः' (डोळ्याने काणा) घोकलं होतं. प्रथमेत 'अक्षि', पण तृतीयेत अचानक 'न' (पुढे 'ण' झालेला). ओगोनमधला 'न' आणि हा 'न' एकच, की मी उगाच नाती जुळवतेय? जुन्या नॉर्सच्या 'औगु'त तर 'न' दिसत नाही, मग स्वीडिशमध्ये तो आला कुठून? षष्ठी अनेकवचन 'औग्ना' होतं, तिथून पसरला का?

जाणकारांनी सांगावं. पुस्तक सुचवलंत तरी चालेल, फक्त स्वीडिशमधलं नको, अजून तितकं वाचता येत नाही.